तिसऱ्या अंकाचा वारस

लिहून ठेवणार: देवदत्त वामन पैठणकर, वय त्रेपन्न, व्यवसाय सॉफ्टवेअरमधल्या आणि माणसांमधल्या चुका काढणे (पगार फक्त पहिल्याचा मिळतो), मूळ राहणार औरंगाबाद, हल्ली मुक्काम मॉरिसव्हिल, नॉर्थ कॅरोलिना. हल्ली म्हणजे एकोणीस वर्षं.

कारणे मृत्युपत्र लिहून ठेवतो ऐसाजे: येत्या सोमवारी माझी छाती उघडून हृदयाला नवे रस्ते काढून देणार आहेत. ऑपरेशन नेहमीचं आहे, असं डॉक्टर म्हणतात. त्यांच्या नेहमीचं असेल, माझं पहिलंच आहे. तेव्हा मी पूर्ण शुद्धीत, कुणाच्या धाकाशिवाय आणि कसलंही पेय न घेता (तेही त्यांनीच बंद केलं आहे) हे माझ्या हाताने लिहीत आहे. यापूर्वी मी कुठलंही मृत्युपत्र केलेलं नाही. रागाच्या भरात तोंडी काही वाटण्या केल्या असतील, त्या रद्द समजाव्यात.

वकिलांनी इंग्रजीतला छापील नमुना दिला होता. त्यात नाव घालायला जागा होती, राग घालायला नव्हती. हाताने लिहिलेलं मराठीही चालेल, पण दोन साक्षीदार घ्या आणि इंग्रजी तर्जुमा जोडा, असं ते शेवटी म्हणाले. तर्जुमा डॉ. वसुधा गुप्ते, म्हणजे आमच्या वसुधाकाकू करतील. चाळीस वर्षं त्यांनी अमेरिकन माणसांना भूल दिली, पण स्वतःचं मराठी शुद्धीवर ठेवलं. ह्या मृत्युपत्राच्या व्यवस्थापकही त्याच. काकू, तर्जुमा करताना मला सभ्य करू नका.

घर आणि पैसा सोपा आहे, तो आधी उरकतो. भांडण एकाच मालमत्तेचं आहे: मी लिहिलेलं खलिफावरचं तीन अंकी नाटक, त्यातही त्याचा तिसरा अंक. तो माझ्यामागे जसाच्या तसा राहतो की मारला जातो, एवढ्यासाठीच हा सगळा कागद आहे.

कलम १. राहतं घर आणि त्यावरचं उरलेलं कर्ज पत्नी सुनेत्रा हिला. मागच्या डेकची तिसरी फळी कुजली आहे. ती बदलायची म्हणून मी सहा उन्हाळे बोलतो आहे, ते बोलणंही तिलाच. तिच्यावर माझा एक आरोप आहे, तो कलम ५ मध्ये येईल. आरोपाचा घरावर परिणाम होऊ नये.

कलम २. साठवलेली रक्कम, निवृत्तीचा फंड वगैरे निम्मा सुनेत्राला, निम्मा कन्या अनया हिला. माझी मराठी पुस्तकंही अनयाला. ती वाचणार नाही, हे मला माहीत आहे. तिने ती टाकून द्यायला काढावीत आणि पहिल्या खोक्यापाशी थांबावं, एवढीच आशा.

कलम ३. हत्यारं. ड्रिल, दोन करवती, रंगाचे ब्रश आणि नेपथ्याला लागणारं इतर सामान महाराष्ट्र मंडळाला, कारण ते गेली सात वर्षं त्यांच्याकडेच आहे. मी ते देतो आहे असं म्हटल्याने निदान कागदोपत्री माझा मान राहील. खलिफाचं सिंहासन मात्र देणार नाही. ते मी एका फेकून दिलेल्या रिक्लायनरपासून बनवलं होतं. सध्या त्यावर बसून मी बातम्या बघतो.

कलम ४. आता नाटकाविषयी. ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी, आणि ज्यांना सगळं माहीत असून विसरायचं आहे त्यांच्यासाठी.

औरंगाबादजवळ खुलताबादेत एक रिकामी कबर आहे. तुर्कस्तानचा शेवटचा खलिफा अब्दुल मजीद ह्याच्यासाठी ती निजामाने बांधवली, असं आमचे इतिहासाचे सर सांगत. खलिफाची मुलगी निजामाची सून. तो तिथे पुरला जाणार होता, पण आलाच नाही. मेला पॅरिसला, पुरला गेला मदिनेत. शाळेच्या सहलीत मी त्या कबरीपाशी डबा खाल्ला होता. ज्याची जागा राखून ठेवली आणि जो आलाच नाही, तो माणूस माझ्या डोक्यात राहिला.

मोठेपणी वाचत गेलो तेव्हा कळलं की हा राजा राजासारखा नव्हताच. चित्रं काढायचा. संसदेने मतदान करून त्याला खलिफा केलं आणि दीड वर्षाच्या आत त्याच संसदेने मतदान करून काढलं. पहाट व्हायच्या आत राजवाड्यातून बाहेर, गावाबाहेरच्या एका लहान स्टेशनावर. गाडीला वेळ होता. तिथल्या स्टेशनमास्तरने, जो ज्यू होता, त्याला घरात बसवलं, चहा दिला, आणि म्हणाला, असं सांगतात, की आमच्या वाडवडिलांना कुणी आसरा देत नव्हतं तेव्हा तुमच्या वाडवडिलांनी दिला, ते आम्ही विसरलेलो नाही. खलिफा तिथे रडला. मग वीस वर्षं फ्रान्समध्ये जगला. नीसला समुद्रकाठी छत्री घेऊन फिरायचा.

माझा तिसरा अंक म्हणजे हे स्टेशन. दोन माणसं, एक किटली, गाडीची वाट. लढाई नाही. लढून मरणारे राजे खूप झाले. ह्याला हद्दपार होऊन रोज सकाळी उठावं लागलं, दाढी नीट करावी लागली, भाजीवाल्याला ओळख द्यावी लागली. मला त्याचं नाटक करायचं होतं.

२००१च्या उन्हाळ्यात मंडळाने दिवाळीच्या कार्यक्रमासाठी माझं नाटक निवडलं. दिग्दर्शक उल्हास सबनीस. उल्हास हा माझा अमेरिकेतला पहिला मित्र. विमानतळावरून मला घ्यायला आला तो हाच, आणि गाडीत बसल्यावर पहिलं वाक्य म्हणाला, "सीटबेल्ट लाव, इथे कायदा पाळतात." तालमी त्याच्या गॅरेजवरच्या खोलीत. खलिफाचं काम मी करत होतो, खलिफाच्या बायकोचं सुनेत्रा. काकू प्रॉम्प्टर. मी दाढी वाढवली. उल्हास मला खलिफाच म्हणायला लागला, आणि ते नाव अजून चिकटून आहे.

मग सप्टेंबर आला. त्या सप्टेंबरबद्दल मी वेगळं लिहायला नको.

कलम ५. आरोप. मंडळाची कमिटी तेव्हा रविवारी फोनवर भरायची, सात ठिकाणांहून सात जण एका नंबरवर. मी बजावून सांगितलं की नाटक आहे तसंच होईल, उलट आताच व्हायला पाहिजे. तेवढ्यात स्वयंपाकघरात कुकर फुसफुसायला लागला. शिट्टी सगळ्यांच्या कानात जाऊ नये म्हणून मी स्टार-सहा दाबून माझा आवाज बंद केला. एवढी सभ्यता मला महागात पडली.

"खलिफा?" उल्हास म्हणाला. "दत्ता, आहेस का? हॅलो? ... गेला वाटतं. रुसला."

"बरं झालं यार, आता मोकळं बोलू," खजिनदार गिरीश म्हणाला. "हायस्कूलचं ऑडिटोरियम आहे. प्रिन्सिपॉलला पोस्टर दाखवायचंय. काय लिहू त्याच्यावर, कॅलिफ? आपण सगळे आत जाऊ."

"कॅलिफ कशाला?" उल्हास म्हणाला. "राणा करू. राजपूत. मंडळाच्या ट्रंकेत आठ फेटे पडलेत."

"आणि देवदत्त ते बदलू देईल?" हा प्रश्न सुलेखाचा. सुलेखा आमची सांस्कृतिक सचिव. अख्ख्या कॉलमध्ये माझी आठवण तिलाच झाली, तीही अडचण म्हणून.

"त्याला कोण विचारतंय," उल्हास म्हणाला. "फाइंड अँड रिप्लेस मारायचं, वीस मिनिटांचं काम. शेवट मी लिहितो. तो स्टेशनमास्तर काढू, किटली काढू, लढाई घालू. लोक काय दोन तास बसून एक माणूस गाडीची वाट बघतोय ते बघणार? त्याला मी सांभाळतो. दोन दिवस तोंड फुगवेल, मग एक विडंबन लिहील आणि मोकळा होईल."

सगळे हसले. मीही हसलो असतो, वर्णन बरोबर होतं.

मग सुनेत्राचा आवाज आला. तीही कमिटीवर होती आणि लॅबमधून कॉलवर होती, हे मी विसरलो होतो. मला वाटलं, आता ही ह्यांना झोडते.

"दाढीचं माझ्यावर सोडा," ती म्हणाली. "तुम्ही नाटकाचं बघा."

शिट्ट्या झाल्या, मी गॅस बंद केला. आवाज चालू केला नाही. खलिफानेही उभ्या उभ्या ऐकून घेतलं होतं.

त्या संध्याकाळी बेसिनवर ट्रिमर ठेवलेला होता, चार्ज करून. दाढी काढून बाहेर आलो तेव्हा ती म्हणाली, "ॲरिझोनात पेट्रोल पंपावर एका सरदारजींना गोळी घातली, देवदत्त. तू रोज पेट्रोल भरतोस. मला नाटक नको, मला तू घरी यायला हवास." तिचं बरोबर होतं. आजही आहे. पण दाढी काढायची हे तिने मला सांगायच्या आधी कमिटीला सांगितलं, आणि माझ्या हनुवटीचा निकाल माझ्या गैरहजेरीत लागला, हे मी इथे नोंदवून ठेवतो. भीतीपोटी केलेला दगा हा दगाच असतो. फक्त त्याचा सूड घेता येत नाही. म्हणून कलम १ जसंच्या तसं राहील.

कलम ६. प्रयोग. मी काम करायला नकार दिला आणि तिकीट काढून सातव्या रांगेत बसलो. पोस्टरवर लेखक म्हणून माझंच नाव होतं. बदलायचं ते सगळं बदललं, नाव तेवढं ठेवलं.

फाइंड अँड रिप्लेसने खलिफाचे राणे केले. बाकीच्या शब्दांना हात लावायला वीस मिनिटं पुरली नव्हती. पहिल्याच प्रवेशात केशरी फेटा बांधलेल्या राणाजींसमोर सेवक वाकून म्हणाला, "राणाजी, नमाजाची वेळ झाली." राणाजी म्हणाले, "इस्तंबूलचे पाहुणे गेले का?" चारशे मराठी माणसं बसली होती, त्यांत निम्मे पीएचडी. एकानेही मान वर केली नाही. मागे कुणीतरी "भाषा किती भारदस्त आहे" एवढं म्हणालं.

तिसऱ्या अंकात उल्हासने, राणाचं काम आता तोच करत होता, तलवार उपसली. विंगेत काकूंच्या हातात मात्र जुनीच प्रत होती. नवी द्यायची कुणाच्या लक्षात आलं नाही. तलवारींच्या खणखणाटात मला त्यांचा आवाज ऐकू आला. त्या स्टेशनमास्तरचं वाक्य सुचवत होत्या. "बसा ना. गाडीला वेळ आहे." कुणी घेतलं नाही, म्हणून त्यांनी पुन्हा सुचवलं. माझ्या तिसऱ्या अंकाचा आजवरचा एकमेव प्रयोग तो एवढाच.

राणा लढून मेला. लोक उभे राहिले. अनया तेव्हा तेरा वर्षांची. माझा चेहरा बघून म्हणाली, "बाबा, इट्स जस्ट अ प्ले. ॲक्च्युअली, एंडिंग वॉज कूल."

त्यानंतर राणाचे शार्लटला, अटलांटाला, आणखी कुठे कुठे प्रयोग झाले. मी इथेच राहिलो. ज्यांनी मला काढलं ते शनिवारी इंडियन ग्रोसरीत कोथिंबिरीपाशी भेटतात. "काय खलिफा, लेखन काय म्हणतंय?" मी म्हणतो, चाललंय. एक जुडी त्यांच्यासाठी बाजूला काढून देतो. नीसला छत्री घेऊन फिरणं म्हणजे काय, ते मला पुस्तकात वाचावं लागलं नाही.

कलम ७. अंत्यविधी. विद्युतदाहिनी किंवा इथे जे काही असेल ते. श्रद्धांजलीच्या सभेत माझ्या विनोदबुद्धीबद्दल बोलू नये. ज्यांच्यावर विनोद केले तेच बोलायला उठतील. अस्थी लेक क्रॅबट्रीत सोडायचा मोह होईल. तळ्यावर पाटी आहे, काही टाकू नका म्हणून. मंडळ गणपतीसुद्धा बादलीत विसर्जन करतं. मला बादली नको. बागेत, जिथे टोमॅटो कधीच धरत नाही, तिथे मिसळाव्यात. खुलताबादला नेऊ नयेत. तिथली जागा माझी नाही.

कलम ८. नाटक. उल्हासला पुढच्या वर्षी सगळ्या अमेरिकेतल्या मराठी मंडळांच्या अधिवेशनात राणा करायचा आहे, चारशेऐवजी चार हजार लोकांसमोर. अधिवेशनवाले लेखकाची सही मागतात. आजवर कुणी मागितली नव्हती, म्हणून हा विषय निघाला नव्हता. तो महिनाभर माझ्या मागे आहे. "कर ना सही, खलिफा. तुझंच नाव होणार आहे." माझं नाव होणार आहे हीच माझी तक्रार आहे, हे त्याला समजत नाही. मी सही केलेली नाही.

वकिलांनी एक नियम सांगितला: ह्या राज्यात मृत्युपत्रावर जो साक्षीदार म्हणून सही करतो, त्याला त्याच मृत्युपत्रातून काही मिळत असेल तर ते मिळत नाही. साक्षीदार किंवा वारस, दोन्हींपैकी एक. मी घरी येऊन पुन्हा पुन्हा त्यावर विचार केला आणि असं ठरवलं.

उद्या बँकेत सह्या करायच्या आहेत. दोन साक्षीदारांपैकी एक काकू. दुसरा म्हणून मी उल्हासला बोलावलं आहे. हे कलम त्याने आधी वाचायचं आहे. त्याने सही केली, तर नाटकाचे सर्व हक्क अनयाला जातील, ह्या अटीवर की तिसऱ्या अंकातली किटलीसुद्धा हलवायची नाही. त्याने सही केली नाही, तर सर्व हक्क उल्हासला, विनाअट. राणा करावा, पेशवा करावा, मंगळावरचा प्राणी करावा.

ही परीक्षा आहे हे मी लपवत नाही. एकोणीस वर्षांचा मित्र आहे. त्याने एकदा माझं नाटक माझ्या पाठीमागे घेतलं. आता ते समोर ठेवतो आहे, आणि शेजारी पेन. काय उचलतो ते बघायचं आहे. खरं सांगायचं तर तो पेन उचलेल असं मला वाटतं. म्हणूनच मी हे लिहू धजलो.

सही करण्यापूर्वी वाढवलेला मजकूर, बँकेत, त्याच हाताने:

उल्हास वेळेवर आला. चष्मा लावून सगळं वाचलं. कलम ५ वाचताना मान खाली गेली. "तू होतास कॉलवर," म्हणाला. मी हो म्हटलं. कलम ८ त्याने दोनदा वाचलं.

"म्हणजे सही केली तर नाटक गेलं."

"गेलं."

"नाही केली तर?"

"मी गेल्यावर तुझं."

"लढाईसकट?"

"घोडे आण स्टेजवर."

काकू म्हणाल्या, "उल्हास, अरे, सोमवारी त्याची छाती उघडणार आहेत. पेन समोर आहे ना?"

"काकू, मला माहितीये. सोमवारी पहाटे मीच त्याला ड्राइव्ह करून नेणार आहे. सुनेत्राला मीच म्हटलं, तू रडत हायवेवर गाडी चालवू नकोस." मग माझ्याकडे वळला. "दत्ता, तुला रक्त लागलं तर माझं घे. रात्रभर बसेन तिथे. पण खोटं नाही बोलत, मला नाटक पाहिजे. अधिवेशनाचा अर्ज गेलाय. मी इथे आलो ते कंपनीच्या बाँडवर, एक साधा कोडर म्हणून. त्या स्टेजवर मी कुणीतरी असतो. साक्षीला दुसरं कुणी बघ."

पेन त्याने माझ्याकडे ढकललं. अलगद, वाईट वाटू नये अशा बेताने. आता बाहेर गाडीत बसला आहे, मला घरी सोडायला.

पाठीमागचं सात वर्षं दुखलं. तोंडावरचं अधिक दुखतं, हे आज समजलं. तो चांगला माणूस आहे. मला रक्त देईल, तिसरा अंक देणार नाही.

कलम ८ मी बदलत नाही. शब्द दिला, तो दिला. फक्त वकिलांच्या छापील नमुन्यात तळाला एक ओळ होती, ती इथे उतरवतो: लिहिणारा जिवंत आहे तोवर मृत्युपत्रातलं एक अक्षरही लागू होत नाही. म्हणजे किटली आणि तलवार ह्यांच्यामध्ये आता फक्त मी उभा आहे. भुलीतून उठायचं का, असं कालपर्यंत कुणी विचारलं असतं तर मी म्हटलं असतं, बघू. आता बघू म्हणून चालणार नाही. उठावं लागेल, आणि नंतरही बरीच वर्षं रोज सकाळी उठावं लागेल. अधिवेशनाच्या अर्जावर लेखकाची सही नाही, आणि लेखक हयात आहे, हे उल्हासने आयोजकांना कळवावं.

येणेप्रमाणे मृत्युपत्र वाचून, समजून, सही केली असे.

(सही) देवदत्त वामन पैठणकर
मॉरिसव्हिल, नॉर्थ कॅरोलिना
शुक्रवार, १४ मार्च २००८

साक्षीदार १: (सही) डॉ. वसुधा गुप्ते. मजकूर पूर्ण समजला. लिहिणारा शुद्धीवर आहे आणि चिडलेला आहे. त्याच्या प्रकृतीला दोन्ही चांगलं.

साक्षीदार २: (सही) ग्लेंडा प्रूइट, बँक कर्मचारी. मजकूर वाचता येत नाही. सही माझ्यासमोर झाली. बाहेर गाडीत थांबलेल्या गृहस्थांनी दोनदा हॉर्न वाजवला.